कोकणातून परदेशी जाताना: विमानाचे अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घरातून निघायची खरी वेळ

मुंबई ते लंडन विमानाला किती वेळ लागतो? कोणी नऊ तास सांगतो, कोणी दहा. तिकिटावर सुटायची वेळ ०२:०० आणि पोचायची ०६:४० पाहून कोणी जेमतेम चार तास चाळीस मिनिटे धरून बसतो. पहिले दोघे बरोबर असू शकतात, कारण जाताना आणि येताना वेळ वेगळा लागतो. तिसऱ्याने दोन देशांची घड्याळे एकमेकांतून वजा केलेली असतात. पण कुडाळ, राजापूर किंवा खेडच्या माणसाला यातले कोणतेच उत्तर पुरत नाही, कारण त्याचा प्रवास घराच्या पायरीवरून सुरू होतो. आखातात नोकरीला, जहाजावर रुजू व्हायला किंवा शिकायला पहिल्यांदाच निघत असाल, तर हिशेब पुढच्या क्रमाने करा.

पायरी १: हवेतले अंतर काढा

दोन शहरांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेला सर्वांत जवळचा मार्ग. त्याला बृहद्‌वृत्त किंवा ग्रेट सर्कल म्हणतात. शाळेतला पृथ्वीगोल घरात असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यावर दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर न्यूयॉर्क पश्चिमेला दिसते, पण दोरा मुंबईहून पश्चिमेला नाही, तर वायव्य आणि उत्तर यांच्या मधल्या दिशेने निघतो. तो मॉस्कोच्या आसपासून आणि स्कँडिनेव्हियावरून जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली येतो आणि मग अमेरिकेत उतरतो. हे अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या सरळ रेषेने गेलात, तर तेच सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. म्हणजे दीड हजारांहून अधिक किलोमीटरचा फुकटचा वळसा.

घरात कोणी जहाजावर असेल तर त्यांना हे नवे नाही. जहाजेही मोठ्या पल्ल्याला मार्ग याच रीतीने आखतात. विमानाच्या कागदांतही अंतर नॉटिकल मैलात असते. १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तर साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. इंटरनेटवर नुसते 'मैल' लिहिलेले दिसले, तर आधी कोणते मैल ते पाहा. दोन्हींत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

फोनवर अंतर काढायचे असेल तर गुगल अर्थमधली मोजपट्टी गोल पृष्ठभागावरूनच मोजते. कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहायचे असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडन हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्याने रेखांशांची बेरीज करायची: ७३.३२ अंश. दोन्ही पूर्व असते तर वजाबाकी. नव्याने करणाऱ्यांचे गणित हमखास इथेच चुकते.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० × ०.७८२३ = ०.२५५८. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार: ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८७० = ०.१६८९. बेरीज ०.४२४७. याचा उलट कोसाइन ६४.८७ अंश येतो. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर ७,२१० किलोमीटर. कॅल्क्युलेटर 'डिग्री'वर ठेवा. तो 'रेडियन'वर राहिला तर उत्तर भलतेच येते आणि चूक लवकर सापडत नाही.

याच रीतीने मुंबई–दुबई सुमारे १,९२५ किलोमीटर येते, मोपा (उत्तर गोव्यातला नवा विमानतळ)–दुबई सुमारे २,२०० आणि मोपा–लंडन सुमारे ७,५६०. दुबईत विमान बदलून न्यूयॉर्कला गेलात तर १,९२५ अधिक ११,०००, म्हणजे थेट मार्गापेक्षा जेमतेम चारशे किलोमीटर जास्त. लंडनवरून गेलात तर त्याहूनही कमी वळसा. म्हणून 'थांब्याचे विमान फार फिरवून नेते' ही समजूत दरवेळी खरी नसते. खरा जास्तीचा वेळ खाली थांबण्यात जातो. अंतर तपासूनच ठरवा.

पायरी २: अंतरावरून उड्डाणाचा वेळ

लांब पल्ल्याची मोठी विमाने, म्हणजे बोइंग ७८७ किंवा ७७७, वरच्या उंचीवर ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातात. आखाताच्या मार्गावर जास्त दिसणारी एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ ही ताशी ८३० च्या आसपास. अंतराला या वेगाने भागा आणि अर्धा ते पाऊण तास मिळवा. धावपट्टीपर्यंत सरकणे, चढणे, उतरताना रांगेत घिरट्या घालणे आणि गेटला लागणे यात तो जातो. तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, नुसता हवेतला नसतो. विमान कंपन्या त्यात थोडी मोकळीकही ठेवतात, म्हणून 'विमान वीस मिनिटे आधीच पोचले' असे बऱ्याचदा ऐकू येते.

मुंबई–दुबई: १,९२५ ला ८३० ने भागले की दोन तास वीस मिनिटे. त्यात वरचा वेळ मिळवला की सव्वातीन तासांच्या आत-बाहेर, आणि वेळापत्रकातही साधारण तेवढेच असते. मुंबई–लंडन: ७,२१० भागिले ९०० म्हणजे आठ तास. वरचा पाऊण तास धरून पावणेनऊ. पण लंडनला जाताना साडेनऊ ते दहा तास लागतात. मधला तासभर कुठे गेला?

एक तर विमान नेमके बृहद्‌वृत्तावरून जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात. युद्धक्षेत्रे टाळावी लागतात, आणि काही देशांची हवाई हद्द बंद असते. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै, आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. याचा मोठा फटका दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना बसला. मुंबईची युरोपकडची विमाने बहुतेक अरबी समुद्रावरून ओमान-आखाताकडे निघतात, त्यामुळे त्यांचा वळसा कमी. मोठ्या पल्ल्याला अंतरात पाच टक्के तरी वाढ धरून चाला.

दुसरे कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार प्रवाह वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वेग त्यांच्यासाठी नित्याचा आहे, आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. युरोप-अमेरिकेला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून लंडनहून मुंबई नऊ तासांच्या आसपास. न्यूयॉर्कला जाताना सोळा तास, तर येताना चौदा-साडेचौदा. सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियाला नेमके उलट: जाणे लवकर, येणे उशिरा. पृथ्वी खालून फिरते म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण चूक आहे. पृथ्वीसोबत हवाही फिरते. फरक वाऱ्याचा आहे.

पायरी ३: तिकिटावरची वेळ वाचा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. हिशेबाला एकच घड्याळ धरा, आपले भारतीय. पोचायच्या वेळेत फरक मिळवा (आपल्या पूर्वेकडच्या देशासाठी वजा करा), मग सुटायची वेळ वजा करा.

दुबई, अबुधाबी, मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे. कुवेत, दोहा, बहरीन, सौदी अडीच तास मागे. सिंगापूर अडीच तास पुढे. हे आकडे वर्षभर तेच राहतात. लंडन मात्र हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे होते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ, आणि त्यांचे बदल मार्चच्या दुसऱ्या व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिकेचे घड्याळ बदललेले असते आणि युरोपचे नाही. त्या दिवसांत लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्याने दोन्ही फरक वेगवेगळे तपासावेत.

सुरुवातीचे उदाहरण घ्या. मुंबई ०२:००, लंडन ०६:४०, महिना जानेवारी. ०६:४० मध्ये ५:३० मिळवले की १२:१०. त्यातून ०२:०० गेले, राहिले दहा तास दहा मिनिटे. लंडनच्या हिवाळी वेळेसाठी एक सोपी युक्ती आहे. काट्यांचे मनगटी घड्याळ उलटे धरा. भारतात बारा वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेसहा दिसतात, आणि तीच लंडनची वेळ. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा.

पोचायच्या वेळेपुढे '+१' असेल तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. न्यूयॉर्कहून १ फेब्रुवारीला दुपारी १२:०० ला निघून मुंबईला १२:४५ (+१) पोचणारे विमान पाऊण तासाचे नाही की पावणेपंचवीस तासांचेही नाही. न्यूयॉर्कचे दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. तिथून दुसऱ्या दिवशीच्या पाऊणपर्यंत सव्वाचौदा तास.

आणि सर्वांत महाग पडणारी चूक: मध्यरात्रीनंतरची तारीख. मुंबईहून आखात-युरोपकडची बरीच विमाने रात्री बारा ते पाचच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर '१५ जुलै, ०२:००' असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री अकराला हजर व्हायचे. १५ तारखेच्या रात्री गेलात तर विमान जाऊन वीस-एकवीस तास झालेले असतात. कोकणातून निघणाऱ्याचा तर त्याआधीचा आख्खा दिवस रस्त्यात जातो, म्हणून त्याच्या कॅलेंडरवर खूण १५ ला नको, १३ ला हवी. घरच्यांना सांगतानाही 'मंगळवारची रात्र उजाडता बुधवार' असे दोन्ही वार सांगा.

पायरी ४: मधला थांबा

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पहिले विमान उशिरा पोचून पुढचे चुकल्यास पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्या उशिराशी संबंध नाही. तिथे सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. पहिल्यांदाच जाणाऱ्याने एकाच पीएनआरचे तिकीट घ्यावे, चार पैसे जास्त गेले तरी.

एकाच तिकिटावर आखातातल्या मोठ्या विमानतळावर दोन-अडीच तासांचा थांबा सोयीचा. तास-सव्वा तासाचा थांबा नियमात बसत असला तरी बस, सुरक्षा तपासणी आणि लांबचे गेट यांत तो निसटतो. अबुधाबीमार्गे अमेरिकेला जात असाल तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबुधाबीतच होते. त्यामुळे तिथे तीन-साडेतीन तास हवेत, पण अमेरिकेत उतरल्यावर सरळ बाहेर. इतर मार्गांनी गेलात तर अमेरिकेतल्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणे आणि पुन्हा सोपवणे, हे सगळे आलेच. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला विमान बदलायचे असेल तर पहाटेच्या धुक्यासाठी जास्तीचे तास ठेवा. ज्या देशात फक्त विमान बदलायचे आहे त्याचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहा.

पायरी ५: घर ते विमानतळ

वरच्या चार पायऱ्यांतला हिशेब फार तर तासाभराने चुकेल. ही पायरी अख्ख्या दिवसाने चुकू शकते, म्हणून इथे सावकाश विचार करा.

आधी विमानतळ ठरवा. कुडाळ-सावंतवाडीकरांना मोपा जवळ. कुडाळहून पन्नासएक किलोमीटर, चांगल्या रस्त्याने तास-सव्वा तास. मुंबई कुडाळहून पावणेपाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. गोव्यात दाबोळीही चालू आहे, आणि तिकीट शोधताना दोन्ही 'गोवा' म्हणूनच दिसतात. मोपाची खूण जीओएक्स, दाबोळीची जीओआय. ही अक्षरे न पाहता निघालात तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना विमान चुकते. मुंबईचेही आता तसेच आहे. उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, त्याची खूण एनएमआय. मुंबईचा जुना विमानतळ बीओएम. मोपाहून देशांतर्गत विमानाने मुंबईला येऊन पुढचे आंतरराष्ट्रीय विमान धरणार असाल, तर उतरणार कुठे आणि चढणार कुठून हे दोन्ही तिकिटांवर पाहा. जुन्या विमानतळावरही टर्मिनल एक आणि दोन वेगळ्या इमारती आहेत. त्यांच्यामध्ये रस्ता आहे आणि रस्त्यावर अंधेरीची गर्दी. आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल दोनहून.

उत्तरेकडच्या लोकांचे, म्हणजे महाड, खेड, चिपळूणपर्यंतच्यांचे, गणित मुंबईकडेच झुकते. रत्नागिरी मधे पडते, तिथे दोन्हीकडचे वेळापत्रक पाहून ठरवावे.

आता गाडी. विमानाचे तिकीट अकरा महिने आधी मिळते, रेल्वेचे आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडते. विमानाचे तिकीट काढलेत त्याच दिवशी फोनवर गाडीच्या तारखेच्या साठ दिवस आधीचा गजर लावून ठेवा. गणपती, शिमगा आणि मे महिना या काळात खिडकी उघडताच प्रतीक्षा यादी लागते. गणपतीनंतर परतणाऱ्या चाकरमान्यांच्या गर्दीत मुंबईकडे जायचे असेल तर रस्त्याने नेहमीच्या दीडपट-दुप्पट वेळ धरा. माणगाव-इंदापूरच्या कोंडीत दोन-तीन तास सहज जातात.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते. गाड्या हळू धावतात आणि सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात. पावसाचा जोर वाढून समोरचे दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटरने चालवायचा नियम आहे. फेब्रुवारीत पाहून ठेवलेली वेळ जुलैत चालत नाही. आणि दरड कोसळली तर गाडी उशिरा नव्हे, रद्दच होते. जुलै २०२४ मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी आले, मग आठवड्याच्या आत दिवाणखवटीजवळ दरड आली आणि दोन्ही वेळा मार्ग बंद झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा रेल्वे आणि महामार्ग दोन्ही अडले होते. म्हणून जून ते सप्टेंबर विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर अशा गाडीने निघा की ती चुकली तरी नंतर आणखी एक पर्याय हातात राहील. आंबा, गगनबावडा किंवा आंबोली घाटाने देशावर चढून कोल्हापूर-पुणेमार्गे जाता येते, पण घाटांतही त्याच पावसाच्या दरडी येतात. निघण्याआधी घाट चालू आहे ना, ते एसटी स्टँडवर विचारा. ती खबर ताजी असते.

उदाहरणादाखल कुडाळचा माणूस आणि १५ जुलैचे ०२:०० चे लंडन विमान. उलटे मोजत या. सुटणे ०२:००. चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, गेट वीस-पंचवीस मिनिटे आधी. तीन तास आधी पोचायचे म्हणजे १४ च्या रात्री ११:००. मांडवी एक्स्प्रेस सकाळी मडगावहून निघते आणि रात्री मुंबईत येते. तिच्या भरवशावर हे विमान लावू नका, दोन-तीन तास उशीर झाला की सगळे संपले. १३ च्या संध्याकाळची कोकणकन्या एक्स्प्रेस धरा. ती १४ ला सकाळी मुंबईत पोचते, आणि चार-सहा तास अडकली तरी दिवस हातात असतो. नातेवाइकांकडे अंघोळ-जेवण करून, शक्य तर चार तास झोपून, रात्री साडेनऊला निघा. सीएसएमटीवर उतरून थेट जाणाऱ्यांसाठी 'मेट्रो ३' ही भुयारी मेट्रो आहे; ऑक्टोबर २०२५ पासून ती सीएसएमटीहून टर्मिनल दोनपर्यंत जाते. मोठ्या दोन बॅगा असतील तर ठाण्याला उतरून टॅक्सी बरी.

असा माणूस १३ च्या संध्याकाळी सातला घर सोडतो. लंडनला ०७:४० ला उतरतो (जुलै आहे, फरक साडेचार तासांचा), इमिग्रेशन, सामान आणि शहरापर्यंतची गाडी धरून दहाला मुक्कामी पोचतो. भारतात तेव्हा दुपारचे अडीच. एकूण साडेत्रेचाळीस तास, आणि त्यातले विमानातले दहा.

त्याच माणसाला मोपाहून आखातमार्गे एकाच पीएनआरचे तिकीट मिळाले तर? मोपा–दुबई–लंडन सुमारे ७,७०० किलोमीटर, थेट मुंबई–लंडनपेक्षा पाचशेच्या आसपास जास्त. विमानात अकरा तास, थांबा तीन तास. पण घर सोडायचे विमानाच्या साडेचार-पाच तास आधी. पावसाळ्यासाठी आणखी दोन तास धरले तरी घर ते घर चोवीस तासांत आटपते. तिकीट थोडे महाग असले तरी रेल्वे, टॅक्सी आणि अडकलेला दिवस मिळवून तुलना करा. मोपाहून आंतरराष्ट्रीय विमाने मोसमानुसार बदलतात. नवी वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागू होतात, तेव्हा त्या-त्या मोसमाचेच पाहा.

काउंटरवर वेळ खाणारी गोष्ट म्हणजे सामान. घरून वजन करून निघा. कोकम आगळ, लोणच्याचे तेल, मालवणी मसाल्याची ओली वाटणे हातातल्या बॅगेत चालत नाहीत, कारण तिथे १०० मिलिलिटरच्या वरचे द्रव रोखले जातात. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत हवी. रांगेत बॅग उघडून पुन्हा भरण्यात अर्धा तास सहज जातो.

पायरी ६: परतीचा हिशेब

येताना वारा पाठीशी असतो, पण कोकणाची बाजू तशीच. बाहेरून मुंबईला उतरून पुढे मोपाला विमानाने जाणार असाल, तर इमिग्रेशन आणि कस्टम मुंबईतच होते. सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावे लागते. दोन विमानांत चार तास हवेत. टर्मिनल किंवा विमानतळ बदलत असेल तर सहा. मुंबईत पहाटे उतरणाऱ्याला दिवसाची गाडी मिळते. रात्री दहानंतर उतरणाऱ्याने मुंबईत मुक्काम धरावा. तासन्‌तास बसून आलेल्या माणसाला रात्रीच्या रात्री कशेडी, भोस्ते, परशुराम घाटांतून पावसात घरी आणण्यासाठी गाडी पाठवू नका. चालकही तेवढाच जागलेला असतो.

विमानतळावर न्यायला येणाऱ्यांना उतरण्याची भारतीय वेळ, तारीख, टर्मिनल आणि विमान क्रमांक कळवा. क्रमांक असला की फ्लाइटरडार२४ वर विमान कुठवर आले ते दिसते. चाके टेकल्यापासून माणूस बाहेर यायला मुंबईत तास-दीड तास धरा, तेवढे आधी येऊन पार्किंगचे पैसे भरण्यात अर्थ नाही.